कोणाच्या मापाने?

प्रस्तावना

नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’चा ‘लेगसी ऑफ द व्हॉइड’ हा भाग आला आणि त्याबरोबर खेळातले घड्याळ बदलले. त्याआधीची पाच वर्षे पडद्यावरचा सेकंद मनगटावरच्या सेकंदापेक्षा आखूड होता. स्पर्धा ज्या ‘फास्टर’ गतीवर होत, त्या गतीला खेळाचे १.४ सेकंद एका खऱ्या सेकंदात संपत. या आखूड सेकंदाला खेळाडूंनी कंपनीचेच नाव देऊन टाकले होते : ब्लिझर्ड सेकंद. नव्या भागात घड्याळ खऱ्या वेळेवर आले. खनिजे वाहणारा एससीव्ही पूर्वी १७ सेकंदांत तयार होई, तो आता १२ सेकंदांत होऊ लागला. मरीन सैनिकाचे २५ सेकंद १८ झाले. प्रत्यक्षात दोघांनाही पूर्वीइतकाच वेळ लागत होता. अडचण झाली ती संदर्भकोशांची. खेळाडूंनी वर्षानुवर्षे भरलेल्या तक्त्यांमधला ‘सेकंद’ नेमका कोणता, हे आता वाचणाऱ्याने लिखाणाच्या तारखेवरून ओळखायचे होते. आकडे जागच्या जागी होते, त्यांच्यापुढे लिहिलेल्या शब्दाचा अर्थ फिरला होता.

हे पुस्तक त्या शब्दाविषयी आहे. खेळणाऱ्यांनीच लिहिलेल्या, खेळणाऱ्यांनीच राखलेल्या संदर्भकोशांत मापे कोणत्या एककात लिहावीत, ती एकके कोणी ठरवावीत आणि एकदा ठरल्यावर शेकडो अनोळखी हातांनी ती कशी पाळावीत, हा त्याचा विषय. खेळ तो खेळ, त्यातल्या सेकंदांचा एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणीही म्हणू शकेल. पण हा काथ्याकूट पन्नास वर्षांहून जुना आहे आणि संगणकाच्या आधीपासून चालत आला आहे.

१९७१ सालच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात टेबलावरचा एक इंच म्हणजे रणांगणावरचे दहा यार्ड असत. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा हा इंच तसाच उचलला गेला. मात्र भुयारात दहा यार्ड फार होतात. म्हणून जमिनीखाली एक इंच म्हणजे दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड असे ठरले. १९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात आणखी एक मेख होती. उघड्यावर मंत्राचा पल्ला यार्डांत मोजायचा, पण मंत्राने व्यापलेली जागा मात्र फुटांतच धरायची. नियम वेडावाकडा दिसतो, पण बिनबुडाचा नाही : तसे केले नसते तर भुयारातला अग्निगोल मैदानात येताच तिप्पट रुंद झाला असता. एकच चिन्ह, आणि त्याचे माप खेळाडू कुठे उभा आहे आणि काय मोजतो आहे यावर अवलंबून. पुढे २००८ च्या चौथ्या आवृत्तीने फूट बाजूला सारून सरळ चौकोन मोजले, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुन्हा फूट आणले, चौकोन पाच फुटांचा धरून. फ्रेंच भाषांतरात हाच चौकोन दीड मीटरचा झाला आणि तीस फुटांची चाल नऊ मीटरची. पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर, हे भाषांतरकारांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पण नऊला दीडने भागले की सहा चौकोन बिनबोभाट येतात आणि खेळ पुढे चालतो. रूपांतर करताना अचूकपणापेक्षा हिशेब जुळणे केव्हा मोठे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

संगणकावरच्या खेळांचे संदर्भ सुरुवातीला एकहाती होते. १९९५ मध्ये गेमफॅक्स सुरू झाले. तिथली एकेक मार्गदर्शिका बहुधा एकाच माणसाने बसून लिहिलेली असे, आणि त्याची एकके चुकली तरी निदान सगळीकडे सारखीच चुकत. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेची यूईएसपी ही अनधिकृत पानेही त्याच वर्षीची. २००१ मध्ये विकिपीडिया आला, २००४ मध्ये आजच्या फॅन्डमचा पूर्वज विकिसिटीज आला आणि एकाच तक्त्यात अनेकांचे हात पडू लागले. एक ओळ सेकंदांत, खालची फ्रेममध्ये, तिसरी कोणीतरी डोळ्यांनी अंदाज घेऊन ‘साधारण तीन’ अशी. एकवाक्यतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे जन्मला.

काळाचे माप या सगळ्यात सर्वांत नाठाळ, म्हणून पुस्तकातही त्याला सर्वांत जास्त जागा आहे. खेळातला काळ वाहत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो. १९९३ च्या ‘डूम’मध्ये सेकंदाला ३५ पायऱ्या आहेत, कारण त्या काळचा पडदा सेकंदाला ७० वेळा उजळत असे आणि खेळ त्याच्या निम्म्याने चालवला गेला. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये एक पायरी ०.६ सेकंदाची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये कोपऱ्यात ४०० पासून उतरणारा ‘टाइम’ हा आकडा सेकंदांचा वाटतो, पण त्यातला एकेक अंक २४ फ्रेमनी उतरतो, म्हणजे सुमारे ०.४ सेकंदाने. त्यात पुन्हा त्या काळी जपान-अमेरिकेतले टीव्ही ६० हर्ट्‌झचे आणि युरोपातले पाल पद्धतीचे ५० हर्ट्‌झचे. आपल्याकडचे टीव्हीही पालचेच. फ्रेमला बांधलेला खेळ काही न बदलता पालवर गेला की सहाव्या हिश्श्याने मंदावे. मग ‘उडी ३० फ्रेमची’ हे विधान दोन्हीकडे खरे राही आणि ‘उडी अर्ध्या सेकंदाची’ हे एकीकडेच.

‘माइनक्राफ्ट’च्या विकीवर या प्रश्नाची जवळजवळ सगळी रूपे एका छपराखाली भेटतात. खेळ सेकंदाला २० टिक, म्हणजे पायऱ्या, चालतो, त्याचा दिवस २४,००० टिकांचा म्हणजे २० मिनिटांचा. इथवर सरळ आहे. पण रेडस्टोनची यंत्रे बांधणाऱ्यांनी आपला वेगळा टिक रूढ केला, दोन टिकांचा, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा. कारण त्यांचा रिपीटर विलंब याच मापाने वाढवतो, एक ते चार पायऱ्यांत. त्यामुळे नुसते ‘४ टिक’ लिहिले तर ते ०.२ सेकंद की ०.४, हे लिहिणारा कोणत्या गोतावळ्यातला यावर ठरते. विकीने ‘गेम टिक’ आणि ‘रेडस्टोन टिक’ अशी दोन नावे चालू ठेवली. जिवाचे मापही दुहेरी आहे. पडद्यावर दहा हृदये, आत वीस गुण. ‘२ नुकसान’ म्हणजे दोन नव्हे, एकच हृदय. विकी आकडा गुणांत लिहितो आणि शेजारी हृदयांची चित्रे काढतो. वाद मिटवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिने कोणत्याही बाजूला हरवले नाही.

याच खेळातले तिसरे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. शेतातला गहू वाढतो तो यादृच्छिक टिकांवर. जावा आवृत्तीत १६ × १६ × १६ ठोकळ्यांच्या प्रत्येक घनातून दर टिकला तीन ठोकळे यादृच्छिकपणे निवडले जातात. घनात एकूण ४,०९६ ठोकळे. म्हणून एका ठोकळ्याची पाळी सरासरी १,३६५.३३ टिकांनी, म्हणजे ६८.२७ सेकंदांनी येते. हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे आणि तरीही ‘दर ६८ सेकंदांनी’ असे लिहिले तर वाचकाची फसवणूक होते. कारण ती सरासरी आहे. पाळी दहा सेकंदांत येईल किंवा पाच मिनिटे येणारही नाही. एकक बरोबर लिहिले की काम झाले असे समजणाऱ्यांनी या गव्हाकडे पाहावे. आणि टिक ते सेकंद हा २० चा भागाकारही आता कायमचा राहिलेला नाही : डिसेंबर २०२३ च्या १.२०.३ आवृत्तीपासून खेळणाऱ्याला एका आज्ञेने टिकांची गतीच बदलता येते.

या प्रश्नाला उत्तरे देणाऱ्यांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिले इंजिनवाल्यांचे. खेळ आतून ज्या मापाने चालतो तेच लिहावे, असे त्यांचे म्हणणे. मारामारीच्या खेळांचे कोश याच घराण्याचे. तिथे फटक्याची सुरुवात, तो लागण्याचा काळ आणि सावरण्याचा काळ, सगळे फ्रेममध्ये, सेकंदाला साठ या हिशेबाने. खेळाडूही तसेच बोलतात. ‘पाच फ्रेमचा ठोसा’ म्हटले की समोरच्याला कळते, ‘८३ मिलिसेकंदांचा ठोसा’ म्हटले तर तो तोंडाकडे बघेल. पण इंजिनवाल्यांतही एकमत नाही. फटका ज्या फ्रेमला लागतो ती फ्रेम सुरुवातीत धरायची की वगळायची, यावर निरनिराळ्या खेळांचे आणि कोशांचे निरनिराळे संकेत आहेत. एका फ्रेमचा फरक, सेकंदाचा साठावा भाग, आणि त्यावर प्रतिहल्ला पोचणार की नाही हे ठरते. एकक एकच असूनही मोजायला सुरुवात कुठून केली, हा प्रश्न उरतोच.

दुसरे घराणे पडद्याला प्रमाण मानणारे. खेळणाऱ्याला जे दिसते ते लिहा, बाकी त्याला काय करायचे? ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हे त्यांचे हक्काचे उदाहरण. गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात असे कोश सांगतो. स्पर्धा १.७ पट गतीने खेळली जाते, म्हणजे मनगटावर ते पंधराच्याही आत, १४.७ सेकंद भरतात. पण पडद्यावरचे घड्याळही त्याच पटीने धावते, म्हणून २५ लिहिलेले कोणालाही खुपत नाही. स्टारक्राफ्टच्या कोशांनीही पाच वर्षे हेच केले होते. फरक एवढाच की तिथे पडद्यानेच शब्द फिरवला. पडदावाल्यांची दुबळी बाजू हीच : त्यांचे माप दुसऱ्याच्या हातात असते.

तिसरे घराणे मीटर-किलोवाल्यांचे, नवख्या वाचकाची बाजू घेणारे. सगळे खऱ्या जगाच्या मापांत आणा, म्हणजे कोणालाही कळेल. हेतू चांगला आहे, पण माझा या घराण्यावर सर्वांत कमी विश्वास आहे आणि पुस्तकातही तो लपवलेला नाही. ‘डूम’मधला नायक ५६ एकके उंच आहे. माणूस साधारण सहा फुटी धरला की एक एकक किती इंचांचे ते निघते आणि मग साऱ्या भिंती, साऱ्या गल्ल्या फुटांत मोजता येतात, असे वाटते. पण तो खेळ ३२० × २०० ठिपक्यांचा असून चारास तीनच्या पडद्यावर ताणून दाखवला जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. उभे एकक आणि आडवे एकक नकाशात सारखे, डोळ्यांना वेगळे. गल्ली किती फूट रुंद, याला दोन उत्तरे निघतात आणि दोन्हींच्या बाजूने भांडता येते. काही खेळांत मात्र ही सक्ती करावी लागत नाही. युनिटी इंजिनच्या भौतिकीत एक एकक म्हणजे एक मीटर आणि अनरियलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, हे मुळातच ठरलेले आहे. तिथे मीटर लिहिणे म्हणजे इंजिनचेच बोलणे.

‘पोकेमॉन’ची गंमत आणखी वेगळी, कारण तिथे खऱ्या जगाची मापे निर्मात्यांनीच दिली आहेत. पिकाचू ०.४ मीटर उंच आणि ६ किलो वजनाचा. अमेरिकी आवृत्तीत तो १ फूट ४ इंच आणि १३.२ पौंड. आता एखाद्याने अमेरिकी आकड्यावरून उलटे रूपांतर केले तर उंची ०.४१ मीटर येते आणि कोशात पिकाचू एका सेंटिमीटरने वाढतो. म्हणून मूळ आकडा कोणता आणि उतरवलेला कोणता, हे नोंदवावे लागते. आणि वेलॉर्ड नावाचा देवमाशासारखा प्राणी १४.५ मीटर लांब असून वजनाला अवघा ३९८ किलो आहे, मध्यम घोड्याएवढा. ते ‘दुरुस्त’ करण्याचा मोह ज्या संपादकाला होतो, त्याने कोशाचे काम सोडून प्राणिशास्त्र शिकवावे.

टक्क्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यात गणितच जास्त आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये २०२० च्या अखेरीपर्यंत शक्ती पुन्हा वापरण्यामधला काळ टक्क्यांनी कमी होई. शून्यावरून दहा टक्क्यांवर जाणे आणि तिसावरून चाळिसावर जाणे कागदावर सारखेच. फायदा मात्र दुसऱ्या वेळी बराच मोठा. कंपनीने शेवटी ते मापच काढून ‘अॅबिलिटी हेस्ट’ आणले, ज्यात प्रत्येक गुणाने वापराची गती सारख्याच प्रमाणात वाढते. मापाच्या निवडीने समज कशी वाकडी होते, हे तिथे खेळ बनवणाऱ्यांनीच मान्य केले म्हणायचे. अंकांच्या लिखाणाचाही घोळ आहेच : जर्मन संपादकाचा १.२३४ म्हणजे बाराशे चौतीस, आपला म्हणजे सव्वाच्या आतला. आणि लाख-कोटींत स्वल्पविराम देणारे आपण आणि हजार-मिलियनमध्ये देणारे इतर, दोघे एकाच तक्त्यात आले की शून्ये मोजत बसावे लागते.

मग करायचे काय? आपल्याकडे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि पारावर बोलणे गुंठ्यांत चालते. कागदावरचे माप बदलले म्हणून कोणी गुंठा सोडला नाही आणि गुंठा सुटला नाही म्हणून तलाठ्याचे दप्तर अडले नाही. या पुस्तकाची भूमिका याच धर्तीची आहे. साठवताना खेळाचे आतले माप साठवा, दाखवताना खेळणाऱ्याच्या तोंडातले माप दाखवा, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे काम माणसाच्या हाताला न देता साच्याला (टेम्प्लेटला) द्या. रूनस्केपच्या विकीवर अॅबिसल व्हिप या चाबकाची गती ४ टिक आणि २.४ सेकंद अशी दोन्ही मिळते. दुसरा आकडा पहिल्यातून निघतो, पहिला दुसऱ्यातून नव्हे. गुणाकार शेवटी, पूर्णांकात आणणे त्याहून शेवटी. आणि ज्या आकड्याला खेळानेच एकक दिलेले नाही, जसे ‘स्कायरिम’मधले सामानाचे वजन, त्याला संपादकाने आपल्या पदरचे किलो चिकटवू नयेत.

हे सारे आजच का लिहायचे, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे कोश जागा बदलू लागले आहेत. ‘डूम’चा विकी २०११ मध्ये, रूनस्केपचा २०१८ मध्ये, माइनक्राफ्टचा २०२३ मध्ये आपले जुने घर सोडून स्वतंत्र झाला. जुनी प्रत मागे राहते आणि दोन्हीकडे वेगवेगळे हात लिहू लागतात. साच्यात बसवलेली मापे अशा वेळी एका जागी सुधारता येतात, हाताने टंकलेले ‘३ से.’ हजार पानांवर तसेच राहते. दुसरे कारण वाचकाचे. तक्ता आता माणूसच वाचतो असे राहिलेले नाही. हिशेबयंत्रे, बॉट, भाषाप्रारूपे त्यातला एकेक चौकोन उचलून नेतात आणि वरच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेले ‘सर्व वेळा खेळातल्या सेकंदांत’ हे वाक्य मागेच राहते. माणूस शंका आली की पान वर सरकवून पाहतो. यंत्र १७ हा आकडा घेऊन निघून जाते.

एककांवरच्या लिखाणात १९९९ साली मंगळाजवळ गमावलेले नासाचे यान हटकून येते. या पुस्तकात ते मुद्दाम घेतलेले नाही. खेळाच्या कोशातल्या चुकीने यान पडत नाही; कोण्या मुलाची संध्याकाळ चुकीचे यंत्र बांधण्यात जाते, आणि काळजी घ्यायला तेवढे कारण पुरे.

पुस्तकाने हाती घेतलेले काम मर्यादित आहे. सगळ्या खेळांना लागू पडेल अशी एककांची यादी इथे मिळणार नाही, कारण तशी यादी करता येत नाही. मारामारीच्या खेळाला जे शोभते ते शेतीच्या खेळाला अडचणीचे असते. इथे आहे ती निवड करण्याची पद्धत : आधी कोणते प्रश्न विचारावेत, उत्तर कुठे लिहून ठेवावे, नवी मंडळी आली की त्यांना ते कसे सापडावे आणि खेळाने माप बदलले तर जुन्या पानांवर आवृत्तीची खूण कशी करावी. उदाहरणे खऱ्या खेळांतली आहेत. वादांमध्ये दोन्ही बाजू मांडल्या आहेत, पण निवाडा देण्याचे टाळलेले नाही. संगणकाचे शिक्षण नसलेल्या, पण एखादा खेळ मनापासून खेळणाऱ्या आणि त्याविषयी लिहू पाहणाऱ्या वाचकाला समोर ठेवून हे लिहिले आहे. साचे बनवण्याचा तांत्रिक भाग शेवटी वेगळा ठेवला आहे, तो ज्याला नको त्याने खुशाल सोडावा.

वाचताना आपल्या आवडत्या खेळाचा कोश शेजारी उघडा ठेवा. एकक नसलेला आकडा दिसला तर खेळ सुरू करून तो स्वतः मोजा, कोणत्या आवृत्तीत मोजला ते लिहा, आणि तेवढे पान दुरुस्त करूनच पुढच्या प्रकरणाकडे या.